कशाचा आणि कसला

मराठीत वास येतो, सुटतो, दरवळतो, घमघमतो, मारतो, लागतो. फोडणीचा वास सुटतो, मोगऱ्याचा दरवळतो, ओल्या मोज्यांचा मारतो, आणि झाकण न लावलेल्या लोण्याला फ्रिजचा वास लागतो. क्रियापद कोणतंही घ्या, त्याच्या आधी षष्ठीचा 'चा' ठाण मांडून बसलेला असतोच. रंगाचं तसं नाही. लाल म्हटलं की लाल, कुणाचा लाल असं कोणी विचारत नाही. चवींनाही स्वतःची नावं आहेत. वासाला मात्र आपण बहुतेक वेळा मालकाचंच नाव लावतो. (अपवाद आहेत, ते मी राखून ठेवते.) त्यामुळे घरात कुणी नुसतं 'वास येतोय' म्हणालं की दुसऱ्या खोलीतून प्रश्न ठरलेला: 'कशाचा?'

हा आळशीपणा एकट्या मराठीचा नाही. सतराव्या शतकात अन्नंभट्टानं 'तर्कसंग्रह' लिहिला, तो आजही न्यायशास्त्राच्या पहिल्या इयत्तेचं पुस्तक आहे. त्यात रूपाचे सात प्रकार दिले आहेत, रसाचे सहा. गंधाचे किती? दोन. सुरभी आणि असुरभी, म्हणजे बरा आणि वाईट, विषय संपला. एरवी केसाचे चार पदर काढणाऱ्या नैयायिकांनी नाकापुढे असे हात टेकले. एक गोष्ट मात्र त्यांनी ठामपणे सांगितली: गंध हा पृथ्वीचा गुण. पाण्याला किंवा वाऱ्याला वास आला तर तो त्यात मिसळलेल्या पार्थिव कणांचा. आजचं रसायनशास्त्र 'पृथ्वी' हा शब्द सोडून जवळजवळ हेच म्हणेल. वास येतो म्हणजे कसले तरी रेणू नाकापर्यंत पोचलेले असतात. द्रव्य नाही तर गंध नाही.

मग द्रव्यच नसताना येणाऱ्या वासाचं काय करायचं?

मला असा वास मागच्या एका पावसाळ्यात लागला. ताप आणि सणसणीत पडसं होऊन गेलं, नाक मोकळं झालं, आणि एका सकाळी घरात वायर जळाल्याचा वास. जळका, थोडा रबरी, घशात उतरणारा. मी सगळी बटणं बंद केली, मिक्सर हुंगला, फ्रिज ओढून त्याच्या पाठीमागे डोकं घातलं. वायरमन आला, स्विचबोर्ड उघडून पाहिला, 'ताई, सगळं ओके आहे' म्हणाला आणि माझ्याकडे जरा दयेनं बघून गेला. शेजारच्या काकूंनी दारात उभं राहून दोनदा दीर्घ श्वास घेतला आणि मान हलवली. नवऱ्याला काही येत नव्हतं. मग तोच वास रिक्षात आला, बँकेत आला, आणि तळजाईच्या टेकडीवर, जिथे वायर सोडा, दिव्याचा खांबही नव्हता, तिथेही आला. तेव्हा कुठे शंका आली की वास माझ्या मागे येत नाहीये, मीच तो बरोबर घेऊन हिंडतेय.

वास घेणं आणि वास काढणं यांतला फरक त्या दिवसांत चांगला उमगला. घेणारा नुसता नाक पुढे करतो. काढणारा माग काढत जातो, श्वानपथकासारखा, आणि मुळाशी काहीतरी असणारच यावर त्याचा विश्वास असतो. 'गंधवार्ता' या शब्दात तोच विश्वास आहे. 'त्याला याची गंधवार्ताही नव्हती' असं आपण सहज म्हणतो, पण शब्द नीट बघा: गंध हीच वार्ता. घटना दूर घडलेली असते आणि तिची खबर वाऱ्यावरून आधी पोचते. माझ्याकडे खबर रोज येत होती, घटना कुठेच नव्हती.

या शोधात सगळ्यांना पहिली आठवण गॅसची होते, आणि तिथे आपला 'चा' कसा फसवा आहे ते कळतं. स्वयंपाकाच्या गॅसला जवळजवळ वासच नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम एथिल मरकॅप्टन नावाचं द्रव्य अगदी थोडंसं मिसळतात. आपण 'गॅसचा वास' म्हणतो तो त्या पाहुण्याचा वास. हे मिसळणं सक्तीचं होण्यामागे एक भयंकर दुर्घटना आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत साठलेला बिनवासाचा नैसर्गिक वायू पेटला आणि सुमारे तीनशे जण मेले, त्यांत बहुतेक मुलं. मरकॅप्टन हा शब्द त्याच्या शंभरेक वर्षं आधीचा. पाऱ्याला पकडणारा, अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांची जोड करून डेन्मार्कच्या झाइझे या रसायनतज्ज्ञानं तो बनवला. ज्या पदार्थाची सगळी कीर्ती वासावर उभी, त्याच्या नावात वासाचा मागमूस नाही.

उलट ज्यांच्या नावात वासच आहे असे पदार्थही आहेत. १८०३ साली सापडलेला ऑस्मियम आणि १८४० मध्ये नाव मिळालेला ओझोन, दोघांचं बारसं नाकानं केलं. ग्रीक 'ऑस्मे' म्हणजे वास, 'ओझेन' म्हणजे वास मारणं, आणि दोन्ही एकाच धातूची लेकरं. इंग्रजीतला 'ओडर' हा त्यांचा लॅटिन घराण्यातला भाऊ. हे सांगायचं कारण, डॉक्टरांनी माझ्या तक्रारीला जे नाव दिलं, त्यात हाच 'ऑस्मे' बसला होता: फँटॉस्मिया. त्याची भावंडंही आहेत. वास अजिबात न येणं म्हणजे ॲनॉस्मिया. असलेला वास भलताच येणं, कॉफी उकळली की नाकाशी गटार, कांदा परतला की सडकं काहीतरी, हा पॅरॉस्मिया. करोनानंतर या दोघांची नावं घरोघरी झाली. फँटॉस्मिया त्या मानानं अनोळखी, पण दुर्मीळ नाही. अमेरिकेत चाळिशीपुढच्या ७,४१७ लोकांची माहिती तपासून २०१८ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ६.५ टक्के लोकांनी नसलेले वास येत असल्याचं सांगितलं होतं. पंधरामागे एक. डॉक्टरकडे मात्र फार थोडे जातात.

आता 'फँटॉस्मिया'चा पुढचा अर्धा भाग. तो 'फँटाझ्मा'तून येतो, आणि फँटाझ्मा ज्या ग्रीक क्रियापदातून येतो त्याचा अर्थ प्रकाशात आणणं, दाखवणं. त्याच्याही मागे गेलं तर जो प्राचीन धातू लागतो त्याचा अर्थ चमकणं, आणि त्याच धातूचं संस्कृत रूप म्हणजे 'भा'. भानू, प्रभा, आभा. आणि 'भास्'. म्हणजे मराठी माणूस 'मला भास झाला' म्हणतो आणि डॉक्टर 'फँटॉस्मिया' लिहितो, तेव्हा दोघं एकाच मुळाचा शब्द वापरत असतात. शब्दांचा छंद असलेल्या माणसाला असं काही सापडलं की दोन दिवस वायरचा वासही सुसह्य होतो.

पण पुरता आनंद झाल्यावर लक्षात आलं की दोन्ही शब्द डोळ्याचे आहेत. भास म्हणजे मुळात चमकून दिसणं. नाकाची चूक सांगायला ग्रीकनं आणि आपणही डोळ्याचा शब्द उसना घेतला. नाकाला स्वतःचं शब्दभांडार किती तुटपुंजं, त्याचा हा आणखी एक पुरावा. आणि जे होतं त्याचंही आपण काय केलं? 'घ्राण' घ्या. जुन्या काव्यांत प्रवासाहून परतलेला बाप मुलाला जवळ घेऊन त्याचं मस्तक हुंगतो, तेच त्याचं चुंबन, तोच आशीर्वाद. ती क्रिया याच 'घ्रा' धातूची. तोच घ्राण प्राकृतातून मराठीत उतरला आणि झाला 'घाण'. आधी वास, मग वाईट वास, मग जिला वास येतो ती वस्तू, आणि आता तर वास असो नसो, अक्षरही घाण असतं आणि राजकारणही. लेकराच्या टाळूपासून कचऱ्याच्या ढिगापर्यंतचा हा प्रवास माझ्या मते मराठीतल्या सगळ्यांत दुःखद अर्थांतरांपैकी एक आहे. (भज्यांचा पहिला घाणा किंवा तेलाचा घाणा यांचा या घाणीशी संबंध नाही, त्यांना उगाच बदनाम करू नये.)

'दर्प'चीही गंमत पाहा. संस्कृतात दर्प म्हणजे गर्व. मराठीत तो औषधाच्या, फिनेलच्या, उग्र अत्तराच्या वासाला चिकटला. गर्विष्ठ माणूस खोलीत शिरावा तसा तो वास शिरतो म्हणून की काय, पण शब्द चपखल बसला. 'परिमळ'मध्ये घासण्याचा, चोळण्याचा अर्थ आहे, सहाणेवर चंदन उगाळावं तसा. आणि 'गंध' तर आपण कपाळावर लावतो, म्हणजे तोही शेवटी डोळ्यांच्या पदरात टाकला.

घ्राणाचं एक लेकरू मात्र अजून ताठ मानेनं हिंडतं, असं जुने वैयाकरण सांगत. वाघ. व्याघ्र म्हणजे वि-आ-घ्रा, विशेष करून हुंगणारा, अशी त्यांची फोड. आजचे भाषाशास्त्रज्ञ ती फारशी मान्य करत नाहीत, पण वाघाचा आणि वासाचा संबंध दुसऱ्या बाजूनं खरा ठरला. वाघ हद्द आखायला झाडांवर जो फवारा मारतो त्यात बासमतीला सुगंध देणारंच द्रव्य असतं, हे कोलकात्याचे जीवशास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी दाखवलं. आंबेमोहोर शिजताना घर भरून जातं तेही त्याच द्रव्यामुळे. म्हणजे ताडोबाच्या रानात चालताना एकाएकी सुवासिक भाताचा वास आला, तर तो भास समजून पुढे जाऊ नये. माग काढत तर मुळीच जाऊ नये.

वास खरा नाही असं ठरवण्याआधी तो खरा असण्याच्या सगळ्या शक्यता तपासाव्यात, एवढाच याचा अर्थ. डॉक्टरांनीही तेच केलं. त्यांचे पहिले प्रश्न घराबद्दल होते, मग दातांबद्दल. किडलेल्या दाढेचा किंवा सायनसमध्ये साठलेल्या पुवाचा वास आतून येतो आणि तो अगदी अस्सल असतो. मग त्यांनी एकेक नाकपुडी बंद करून वास घ्यायला लावलं. एक बंद केल्यावर वास थांबला तर गडबड बहुधा नाकातच, मेंदूत नाही. माझा डावी बंद केल्यावर निम्म्याहून कमी झाला. मग मिठाचं कोमट पाणी, म्हणजे आपली जलनेती. मग डोकेदुखी, चालू असलेली औषधं, कधी डोक्याला मार, कधी शुद्ध हरपणं, अशी लांबलचक चौकशी.

शुद्ध हरपण्याबद्दल ते का विचारत होते, ते मी नंतर वाचलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी असे रोगी नोंदवले ज्यांना काही क्षण घाणेरडा वास यायचा आणि पाठोपाठ स्वप्नात असल्यासारखी अवस्था. मेंदूच्या ज्या भागातून हे झटके उठतात त्याला 'अंकस' म्हणतात, लॅटिनमध्ये आकडा, हूक. आपल्याकडे फेफऱ्याला 'आकडी' म्हणतात. दोन्ही शब्दांत आकडा आहे हा निव्वळ योगायोग. त्यांचा आकडा मेंदूच्या घडीचा, आपला वळलेल्या हातापायांचा.

याच वाटेवरची सगळ्यांत प्रसिद्ध कहाणी अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विनची, तीही १९३७ सालचीच. त्याला रबर जळल्याचा वास येऊ लागला, वाजवताना क्षणभर हात अडला, डोकं दुखू लागलं. जूनमध्ये रुग्णालयात तपासून घरी सोडताना हिस्टेरियाचा संशय नोंदवला गेला. ११ जुलैला मेंदूतल्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर तो गेला, वय ३८. ही गोष्ट वाचून मी रात्रभर जागी होते, म्हणून लगेच सांगते, अशा वासांमागे गाठ निघणं फार विरळा. सर्दी, सायनस, अर्धशिशी, दात, एखादं औषध, विषाणूनं दुखावलेले गंधतंतू, हीच नेहमीची कारणं. पण वास वारंवार, झटक्यानं, शुद्ध धूसर करून येत असेल तर थांबू नये.

गर्श्विनच्या कहाणीत मला गाठीइतकाच 'हिस्टेरिया' हा शब्द टोचला. रोग्यानं वास सांगितला, ऐकणाऱ्यानं स्वभाव ऐकला. आपल्याकडेही हे होतं, आणि ते होतं तेव्हा शब्द बदलतो. आधी लोक म्हणतात 'तुला भास होतोय', पुढे म्हणतात 'तुझा भ्रम आहे'. या दोन शब्दांत मोठं अंतर आहे. भ्रम म्हणजे फिरणं, गरगरणं. भ्रमण, भ्रमर आणि भोवरा त्याच गोत्राचे. भ्रमात माणूस स्वतः फिरलेला असतो, म्हणून त्याचा पुढे 'भ्रमिष्ट' होतो. भासापासून असं विशेषण कधी बनलं नाही. 'भासिष्ट' कोणी म्हणत नाही. भास होतो आणि जातो, माणूस होता तिथेच, होता तसाच राहतो. म्हणून या दुखण्याला मराठीत नाव द्यायचंच असेल तर 'घ्राणभ्रम' नको, 'गंधभास' हवं, असं माझं ठाम मत आहे. ते मूळ ग्रीक शब्दाचं सख्खं आहेच, शिवाय त्यात रोग्याला वेड्यात काढायची सोय नाही.

सासूबाईंनी तिसराच मार्ग काढला. 'उदाचा वास येत असता तर बरं होतं गं,' त्या म्हणाल्या. अचानक उदाचा, अत्तराचा किंवा केवड्याचा वास आला की महाराज येऊन गेले असं मानणारी त्यांची पिढी. जळक्या वायरीचा वास घेऊन येणारे महाराज काही त्यांना आठवेनात.

जुन्या वैद्यांनी नाकाच्या उलट्या चालीकडे याहून गंभीरपणे पाहिलं होतं. सुश्रुतसंहितेत पाचही इंद्रियं उलटसुलट सांगू लागली तर त्याला मृत्यूची चाहूल मानणारा एक आख्खा अध्याय आहे. सुगंध दुर्गंध वाटणं, दुर्गंध सुगंध वाटणं आणि पडसं नसतानाही विझलेल्या दिव्याचा वास न येणं, ही त्यातली काही लक्षणं. हे वाचल्यावर मी निरांजन विझवून पाहिलं. वातीचा वास आला, वायरीच्या वासावर मात करून आला. पडसं नसताना, ही अट वैद्यांनी घातली हे मला फार आवडलं. आपला 'पडसं' शब्द त्यांच्याच 'प्रतिश्याया'चा झिजून उरलेला तुकडा आहे, आणि माझ्या दुखण्याचं मूळही तिथेच निघालं. डॉक्टरांचा निष्कर्ष असा: नाकाच्या छतापाशी चाळणीसारखी भोकं असलेल्या पातळ हाडातून गंधतंतू मेंदूकडे जातात. पडशाच्या विषाणूनं तिथली काही वस्ती उठवली. ती पुन्हा वसते, पण वसताना काही काळ चुकीचे निरोप पाठवते.

वसते. 'वास'चे संस्कृतात दोन वेगळे शब्द आहेत, एक राहण्याचा आणि एक सुवास देण्याचा, आणि मराठीत ते एकमेकांवर चढून बसले. माझ्या नाकात त्या काळात दोघांची एकच खोली होती.

दुसऱ्या वासाचं एक अपत्य आहे 'वासना'. आज तिची अब्रू गेली आहे, पण 'अन्नावरची वासना उडाली' हे आपण अजून म्हणतो, आणि वास बिघडलेल्या माणसाला ते अक्षरशः खरं वाटतं. बौद्ध दार्शनिक वासनेचा अर्थ सांगताना तिळांचं उदाहरण देत. तीळ फुलांच्या थरांत ठेवायचे, फुलं सुकली की काढून टाकायची, मग तीळ घाण्यात घालायचे. निघालेल्या तेलाला फुलांचा वास येतो, जी आता कुठेच नाहीत. आपल्याकडे त्या तेलाला 'फुलेल' म्हणत. कारण निघून गेल्यावरही मागे राहिलेला वास, याला आपल्या परंपरेत इतका जुना शब्द होता आणि आपण तो भलतीकडे खर्च करून टाकला.

उपाय म्हणून डॉक्टरांनी वास घ्यायचा व्यायाम दिला. जर्मनीत ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये तो मांडला: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, सकाळ-संध्याकाळ, मन लावून. चारांतलं निलगिरी हे नाव वासाचंही नाही आणि झाडाचंही नाही. ऑस्ट्रेलियाचं झाड इंग्रजांनी निलगिरी डोंगरात लावलं, आणि मराठीनं डोंगराचंच नाव बाटलीवर चिकटवलं. सुरुवातीला लवंगही वायरीसारखीच लागायची. हळूहळू लवंग लवंग झाली. वायर अजून अधूनमधून येते, थकवा आला की जास्त.

आता राखून ठेवलेले अपवाद. तपासताना डॉक्टरांनी एकदाही 'कशाचा वास?' असं विचारलं नाही. ते म्हणाले, 'कसला वास?' मराठीत हे दोन प्रश्न शेजारी राहतात आणि आपण ते बेफिकीरपणे अदलाबदल करून वापरतो. पण 'कशाचा' उगम मागतो, 'कसला' नुसती जात विचारतो. उगम मला देता येत नव्हता. जात देता येत होती, आणि तिथे मराठी एकदम श्रीमंत निघाली: करपट, जळकट, धुरकट, कुबट, कुजट, खवट, ओशट, उबट. हा शेवटचा 'ट' पिवळट आणि काळपट मधलाच, वस्तूपासून तिचा गुण थोडा सोडवून घेणारा. करपलेल्या भाताचा वास यायला भात करपावा लागतो. करपट वास यायला काहीच करपावं लागत नाही. मी 'जळकट' म्हणाले, थोडा विचार करून 'ओशट नाही' असंही म्हणाले, आणि डॉक्टरांनी दोन्ही शब्द देवनागरीत लिहून घेतले.